कडू निघालेली बी

दाराच्या फटीत अक्रोड फोडला की वाईची आजी ओरडायची. बिजागऱ्या सैल होतात, म्हणायची. जर्दाळूची बी मात्र आम्ही रीतसर फोडायचो, न्हाणीच्या दगडी पायरीवर, वरवंट्याने, आणि त्या कामाला तिची पूर्ण परवानगी होती.

आजोळी काजू-बदाम वरच्या फळीवरच्या डब्यात असायचे, सणासुदीसाठी. आमच्या हाताला लागायचे ते जर्दाळू. सुरकुतलेले, मातकट रंगाचे, बीसकट. रात्री पाण्यात भिजवलेले दोन-दोन जर्दाळू सकाळी वाटीत मिळायचे. गर खायचा, बी चोखून स्वच्छ करायची आणि खिडकीत वाळत टाकायची. मूठभर जमल्या की फोडायचा कार्यक्रम. जोर जास्त झाला तर आतल्या गराचा भुगा व्हायचा, कमी पडला तर बी टुणकन उडून तुळशीपाशी जायची. नेमका घाव बसला की टणक कवच दोन फाकांत उघडायचं आणि आत तपकिरी सालीचा, एवढासा, हुबेहूब बदाम. वरच्या फळीवरचा बदाम मोजून मिळायचा. हा आमचा आम्ही कमावलेला.

त्या वयात मला बदामाचं एक कोडं होतं. आई उन्हाळ्यात कस्टर्ड करायची आणि त्यात बदाम इसेन्सचे दोन थेंब टाकायची. छोटी काचेची बाटली, झाकण उघडलं की अख्खं स्वयंपाकघर भरून जाईल असा वास. मी खरा बदाम नाकाशी धरून बघायचे, चावून बघायचे, भिजवून सोलून बघायचे. तो वास बदामाला कधीच यायचा नाही. मग बाटलीवर बदाम का लिहितात? आईला विचारलं तर तिलाही सांगता आलं नाही. कोडं तसंच राहिलं.

कामानिमित्त मिलानला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात खोकला हटेना. धुकं सकाळी दहापर्यंत उठायचं नाही आणि दुपारी चारला पुन्हा उतरायचं. वरच्या मजल्यावरच्या सिन्योरा, सत्तरीच्या, एके दिवशी जिन्यात माझा खोकला ऐकून मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या. गॅसवर मोका, म्हणजे कॉफीचं इटालियन भांडं, ठेवला, कॉफी वर आली तशी छोट्या कपात ओतली, आणि एका बसक्या चौकोनी बाटलीतून त्यात चमचाभर काहीतरी घातलं. याला 'काफे कोर्रेत्तो' म्हणतात, दुरुस्त केलेली कॉफी. बहुतेक लोक ग्राप्पा, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची दारू, घालतात. त्यांच्याकडे अमारेत्तो नावाचं गोड मद्य होतं.

कप तोंडापर्यंत जायच्या आधीच वास आला आणि मी पुण्याच्या घरातल्या फ्रिजसमोर उभी राहिले. कस्टर्ड! पण कस्टर्डच्याही मागे आणखी काहीतरी होतं. जुनं, दगडी, ओलसर. ते काही केल्या हाती लागेना.

अमारो म्हणजे इटालियनमध्ये कडू. त्याला लाडाचा प्रत्यय लागला की अमारेत्तो. आपण 'कडवट' म्हणतो त्यात जरा तक्रार असते. अमारेत्तोत तक्रार नाही, माया आहे. आपल्या पोराला प्रेमाने 'कडूसं माझं' म्हणावं, तसं काहीतरी. रंग मुरलेल्या गुळाच्या काकवीसारखा, उजेडासमोर धरला की तांबूस. पहिल्या घोटाला गोड लागतं, खूप गोड. मग जळक्या साखरेची चव येते, आणि घोट गेल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला बारीकशी कडू रेघ राहते. ती रेघ नसेल तर हे नुसतं सरबत आहे, असं माझं मत आहे.

जगभर याला बदामाचं मद्य म्हणतात. आणि गंमत अशी की सगळ्यांत प्रसिद्ध जी बाटली, सारोन्नो गावातली दिसारोन्नो, तिच्यात बदाम नाहीत. तसं ती कंपनी स्वतःच सांगते. २८ टक्के अल्कोहोल, जळवलेली साखर, काही वनस्पती आणि फळं, आणि जर्दाळूच्या बियांचं तेल. इथल्या मिठाईवाल्यांकडे त्या बीला स्वतंत्र नाव आहे, आर्मेल्लिना. जर्दाळू आर्मेनियातून आला असं जुने युरोपीय लोक मानत, त्यावरून. आपला 'जर्दाळू' फारसीतून आला, जर्द म्हणजे पिवळा आणि आलू म्हणजे आलुबुखाऱ्यातला आलू. एकाच फळाला दोन टोकांना दोन नावं पडली आणि दोन्ही नावांत प्रवास आहे, हे मला फार आवडतं.

सिन्योरांनी हे सांगितलं तेव्हा मला अर्थातच आजीची पायरी आठवली. पण मन पुरतं मानेना. आम्ही फोडून खायचो त्या बिया गोडसर, दुधाळ लागायच्या, बदामासारख्याच. त्यांना हा वास नव्हता. मग हा आला कुठून?

सारोन्नो आमच्या रस्त्यावरच आहे. मालपेन्सा विमानतळाकडे जाणारी गाडी मिलानच्या कादोर्ना स्टेशनातून सुटते, आमच्या बोविझाला थांबते आणि पुढे सारोन्नोला. मुंबईला जाताना प्रत्येक वेळी ते स्टेशन यायचं आणि मी बॅगा मोजत असायची. एका शनिवारी मुद्दाम, बॅगेशिवाय, तिथे उतरले.

गाव म्हणून सारोन्नो फार देखणं नाही. पण चालत गेलं की चमत्काराच्या मातेचं एक देऊळ लागतं, सान्तुआरिओ, ज्याचं बांधकाम १४९८ मध्ये सुरू झालं. आत पाय ठेवल्यावर मी अमारेत्तो विसरले. घुमटाच्या आतल्या बाजूला गाउदेन्झिओ फेर्रारीने १५३० च्या दशकात देवदूतांचा मेळा रंगवला आहे, शेकड्यावर चेहरे, दाटीवाटीने, आणि त्यांच्या हातांत नाना तऱ्हेची वाद्यं. व्हायोलिनच्या कुळातली वाद्यं चित्रात दिसण्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत या घुमटाची गणना होते. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले. एक देवदूत गाल फुगवून पिपाणी वाजवतोय, आणि त्याच्या शेजारचा, मला वाटलं, त्याला जरा हळू वाजव म्हणून सांगतोय.

खालच्या भिंती बेर्नार्दिनो लुईनीच्या. लिओनार्दो दा विंचीची छाप ज्यांच्यावर पडली अशा लोम्बार्द, म्हणजे मिलानकडच्या, चित्रकारांपैकी हा एक, माज्जोरे सरोवराच्या बाजूचा. १५२५ च्या सुमारास तो इथे काम करत होता. आणि इथूनच अमारेत्तोची दंतकथा सुरू होते. लुईनी ज्या खाणावळीत उतरला होता तिची मालकीण विधवा होती आणि सुंदर होती. तिलाच समोर बसवून त्याने येशूची आई मेरी रंगवली. निरोपाच्या वेळी तिने आपल्या घरचं काहीतरी द्यायचं ठरवलं आणि ब्रँडीत जर्दाळूच्या बिया मुरवून केलेलं गोड मद्य त्याच्या हातात ठेवलं. कंपनी ही गोष्ट अभिमानाने सांगते. कागदोपत्री पुरावा नाही, दंतकथा ती दंतकथा.

तरीही बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. मेरीचे डोळे अर्धे मिटलेले आहेत. ती दमलेली दिसते, दिवसभर पाहुण्यांचं करून मग टेकलेली बाई दिसते तशी. ही खाणावळवाली असेल-नसेल. पण उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना जर्दाळू वाढले तर मागे उरलेल्या बियांचं काय करायचं, हा विचार तिच्यासारख्याच कुणा बाईने केला असणार, याबद्दल मला शंका नाही. फळ खाऊन झाल्यावर बी हातात धरून थांबणारी माणसं सगळीकडे असतात. मी अशाच एका बाईची नात आहे.

सारोन्नोची दुसरी ओळख अमारेत्ती बिस्किटांची. साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि जर्दाळूच्या बिया, एवढंच सामान. तोंडात टाकलं की कुर्रकन फुटतं आणि विरघळतं. १७१८ मध्ये मिलानचे धर्मगुरू अचानक गावात आले आणि एका तरुण जोडप्याने घरात होतं त्यातून ही बिस्किटं करून दिली, ती जोडीजोडीने कागदात गुंडाळून, अशी त्यांचीही कथा आहे. लाझारोनी घराण्याचं अमारेत्तो या बिस्किटांचा अर्क उतरवून होतं. ते म्हणतात, १८५१ पासून. दिसारोन्नोपेक्षा ते मवाळ, बिस्किटासारखं खमंग. मला कॉफीत दिसारोन्नो आणि नुसतं प्यायला लाझारोनी बरं वाटतं.

बिस्किटांच्या कागदाचा एक खेळ आहे. नाताळात जेवण आटोपल्यावर सिन्योरांनी माझ्या लेकीला तो दाखवला. दोन बिस्किटांवरचा तो पातळ, झिरझिरीत कागद हाताने सपाट करायचा, त्याची नळी करायची, बशीत उभी ठेवायची आणि वरच्या कडेला काडी लावायची. दिवे मालवले. ज्योत गोल फिरत, हळूहळू खाली उतरत गेली. नळी काळी झाली, कडेला नारिंगी धागा तेवढा राहिला. तो धागा बशीला टेकायच्या बेतात आला आणि उरलेली राखेची नळी अलगद सुटून वर निघाली, सरळ छताकडे. लेकीने श्वास रोखला होता. वर पोचायच्या आत मनातली इच्छा मागायची असते. राख विझून तिच्या केसांवर उतरली तेव्हा ती म्हणाली, "आई, माझी मागून झाली." काय मागितलं ते तिने अजून सांगितलेलं नाही.

आमच्याकडे बाटली आली ती प्यायला कमी आणि स्वयंपाकाला जास्त. पेयांत मला एकच मनापासून आवडतं, अमारेत्तो सावर. मोठं लिंबू पिळायचं, भरपूर बर्फ, चांगलं घुसळायचं. लिंबाने त्यातला गोडाचा लठ्ठपणा कापला जातो आणि बीची चव मोकळी होते. पोर्टलंडच्या जेफ्री मॉर्गेनथेलर या बारटेंडरने त्यात थोडी कडक बर्बन व्हिस्की आणि अंड्याचा पांढरा बलक घालून जी रीत रूढ केली तिने या पेयाला पुन्हा मान मिळाला, आणि तो रास्त आहे. स्कॉचबरोबर 'गॉडफादर' करतात. ते मला जड जातं.

स्वयंपाकात त्याची खरी जागा पीचबरोबर. पिएमोन्तेकडे उन्हाळ्यात भरलेले पीच करतात. पीच अर्धे कापायचे, बी काढायची, थोडा गर कोरून घ्यायचा. त्या गरात अमारेत्तीचा चुरा, कोको, थोडी साखर, अंड्याचा पिवळा बलक आणि चमचाभर अमारेत्तो कालवून परत भरायचं, वर लोण्याचा तुकडा, आणि भट्टीत पाऊण तास. पीच, जर्दाळू, बदाम, चेरी, आलुबुखारा ही सगळी एका कुळातली भावंडं. पीचची बी काढून त्या खळग्यात जर्दाळूच्या बीचा वास ठेवायचा, यात घरचं माणूस घरी आल्यासारखं काहीतरी आहे. तिरामिसूत, म्हणजे कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांच्या गोड पदार्थात, पुष्कळ जण अमारेत्तो घालतात. मी चमचाभराच्या वर जात नाही, कॉफी दबते. आणि काहीही शिजवताना शेवटी, आच बंद केल्यावर घालायचं. हा वास वाफेबरोबर पळतो.

मान्तोव्हाला लाल भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली, म्हणजे पास्त्याच्या पुरचुंड्या, करतात, त्यात अमारेत्तीचा चुरा असतो. वर लोणी आणि किसलेलं चीज. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला भोपळ्याचे घारगे आठवले. भोपळ्याच्या बुळबुळीत गोडव्याला काहीतरी आधार लागतो. आपण गूळ आणि जायफळ देतो, त्यांनी ही कडू रेघ दिली.

बाबा गेले त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये आई तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे आली. दिवसभर खिडकीत बसायची. जेवायची, बोललं तर बोलायची. जन्मभर दुसऱ्याच्या ओट्यापाशी गेल्यावर "सरक, मी करते" म्हणणारी माझी आई माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी उभी राहायची. मी ऑफिसला जाताना डबा भरायचे आणि ती बघत असायची.

जूनमधल्या एका रविवारी मी पीच करायला घेतले होते. बाटलीचं झाकण उघडलं. ती माझ्या मागे उभी होती.

"कसला गं वास?"

मी बाटली पुढे केली. सांगितलं, आई, ही दारू आहे. आमच्या घरात कधी दारू आली नव्हती. मला वाटलं ती मागे सरेल. तिने बाटली दोन्ही हातांत घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ही तर कडू निघालेली जर्दाळूची बी."

मी पीच खाली ठेवले.

कडू निघालेली! हो की. मूठभर बियांत एखादी कडूजहर असायची. चावली की तोंड वाकडं व्हायचं आणि आजी आतूनच ओरडायची, "थुंक! थुंक आधी! चूळ भर!" गिळायची नाही, हा तिचा कडक नियम. आम्ही न्हाणीच्या मोरीत थुंकायचो, चूळ भरायचो, आणि नंतर कितीतरी वेळ नाकात तो वास रेंगाळायचा. दगडी, ओलसर, कस्टर्डसारखा. मला इतकी वर्षं सापडत नव्हतं ते हे होतं. मी गोड बियांत शोधत होते. तो थुंकलेल्या बीत होता.

त्या रात्री आई झोपल्यावर मी वाचत बसले आणि लहानपणचं कोडंही सुटलं. कडू बदामात आणि कडू जर्दाळूच्या बीत अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. त्याला फोडणारं एन्झाइमही त्याच बीत असतं, पण वेगळ्या कप्प्यात. बी अख्खी आणि कोरडी आहे तोवर दोघांची भेट होत नाही, म्हणून वासही नाही. बी चिरडली, ओली झाली की दोघं एकत्र येतात आणि अमिग्डालिनचे तीन वाटे होतात. एक साखर, दुसरं बेन्झाल्डिहाइड, म्हणजे तो वास, आणि तिसरं हायड्रोजन सायनाइड, म्हणजे विष. गोड बदामात अमिग्डालिन जवळजवळ नसतंच, म्हणून फळीवरच्या बदामाला इसेन्सचा वास येत नव्हता. मद्यासाठी नि इसेन्ससाठी बियांचं तेल वापरतात ते विष काढून टाकलेलं. आजीचा नियम किती खरा होता तेही कळलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की जर्दाळूच्या तीनहून जास्त लहान कच्च्या बिया मोठ्या माणसालाही सुरक्षित मर्यादेबाहेर नेऊ शकतात, आणि लहानग्या मुलाला एकसुद्धा त्या मर्यादेबाहेर नेऊ शकते. तिने हे कुठेही वाचलेलं नव्हतं. तिच्या आईने तिला थुंकायला लावलं होतं, तिने आम्हाला लावलं.

त्याच वाचनात एक गोष्ट भेटली. कडू बदामाच्या तेलाचा तो सुप्रसिद्ध अभ्यास लीबिग आणि व्होलर या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८३२ मध्ये केला. सेंद्रिय रसायनाचा पाया घालणाऱ्या कामांत त्याचं नाव घेतात. पण तो झाला कसा? त्या उन्हाळ्यात व्होलरची तरुण बायको वारली. मित्राने त्याला गीसेनला आपल्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं, कामात मन रमावं म्हणून. आठवडेच्या आठवडे ते दोघे हा वास घेत, हे तेल गरम करत, मोजत, लिहीत बसले होते. मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तशीच अंधारात बसले. पलीकडच्या खोलीत आई कूस बदलत होती.

दुसऱ्या दिवसापासून आईने बाजारात यायला सुरुवात केली. जून-जुलैत इथे ताजे जर्दाळू येतात, गालावर लाली असलेले. तिने ते निवडून, दाबून बघून घेतले, विक्रेत्याला मराठीतून भाव विचारला आणि त्याने तिला इटालियनमधून सांगितला. गर आम्ही खाल्ला. बिया तिने धुऊन बाल्कनीच्या कठड्यावर ओळीने मांडल्या.

मी म्हटलं, "आई, इथल्या कडू असतात हं. खाता येणार नाहीत."

"खायला कोण मागतंय?" ती म्हणाली.

जायच्या आदल्या दिवशी तिने एक बी माझ्या हातोडीने फोडली, पहिल्याच घावात, दोन फाकांत. लेकीच्या बाळगुटीसाठी तिनेच कधीकाळी पाठवलेली सहाण माझ्या कपाटात मागे पडून होती, ती शोधून काढली. दोन थेंब पाणी टाकलं आणि बी उगाळायला लागली, बाळगुटीतला बदाम उगाळतात तशी, गोल गोल, हलक्या हाताने. सुरुवातीला काहीच आलं नाही. पांढरं दूध सुटलं. मग मिनिटभराने वास आला, आधी तिच्या हातापाशी, मग ओट्यावर, मग दारापर्यंत. लेक आतून धावत आली आणि म्हणाली, "बिस्किटांचा वास!"

"तुझ्या पणजीच्या न्हाणीचा," आई म्हणाली.

थोडा वेळ आम्ही तिघी तशाच उभ्या होतो. मग आईने ते दूध मोरीत सोडलं, लेकीला लांब उभं केलं, आणि सहाण स्वतः घासून तीनदा धुतली.